आवाज मुंबईतच राहतो

आत पंख्याखाली नको, इकडे पडवीत येऊन बसा. दुपारी धाकटीने मला गाठलं आणि विचारलं, "आबा, रेडिओत माणूस बसलेला नसतो एवढं मला कळतं. पण मग मुंबईचा आवाज रेवदंड्यापर्यंत येतो कसा?" मी तिला म्हटलं, दिवेलागण होऊ दे. रेडिओच्या निम्म्या करामती सूर्य मावळल्यावरच कळतात, आणि ही गोष्ट जरा लांबणारी आहे.

तर पहिली गोष्ट ही, की आवाज येतच नाही.

हसू नका, हिशेब करा. आकाशवाणीचं मुंबईचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण मालाडहून होत आलं. मालाड ते रेवदंडा सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. थोरल्या, दे भाग. दोनशे सेकंदांच्या वर गेलं ना? म्हणजे जवळजवळ साडेतीन मिनिटं. आवाज स्वतः चालत आला असता, तर मुंबईत सात वाजले हे आपल्याला सात वाजून तीन मिनिटांनंतर कळलं असतं. आणि तो येणार तरी कसा? दत्तजयंतीच्या जत्रेत चौलच्या डोंगरावर कर्णे वाजतात. चौल आपल्या उशालाच, पण वारा फिरला की इथे काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

रेडिओची लहर मात्र सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. मालाडहून इथे यायला तिला सेकंदाचा चार हजारावा भागही पुरतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज किती सरकतो ठाऊक आहे? आठ सेंटिमीटर. चार बोटं!

यातून एक मजेदार गोष्ट निघते. चर्चगेटच्या स्टुडिओत एखादा गवई तोंडापुढे माईक घेऊन गातोय, कार्यक्रम थेट चाललाय, आणि तुम्ही इथे रेवदंड्याला रेडिओला कान लावून बसलाय असं समजा. त्याच खोलीत गवयापासून तीन मीटरवर एक पाहुणा बसलाय. सूर आधी कोणाला ऐकू येईल? तुम्हाला! पाहुण्याकडे तो हवेतून चालत येतो आणि तीन मीटरला सेकंदाचा शंभरावा भाग खातो. तेवढ्यात तुमच्याकडची लहर मालाडहून येऊन पुढे रत्नागिरीही ओलांडून गेलेली असते. हल्लीच्या डिजिटल यंत्रांत मधे थोडा उशीर होतो, त्यांची गोष्ट वेगळी. मी जुन्या, सरळ यंत्रांचं सांगतोय.

मग येतं काय?

आवाज म्हणजे हवेचं दबणं आणि सुटणं. माईकमध्ये एक पातळ पडदा असतो. गवयाने २५० कंपनांचा सा लावला की तो पडदा सेकंदाला २५० वेळा मागेपुढे होतो आणि तारेतली वीज तितक्याच वेळा कमी-जास्त होते. तो जोरात गायला तर जास्त हेलकावते, हळू गायला तर कमी. आवाजाचं काम इथे संपलं. तो त्या खोलीतच विरून जातो. पुढचा सगळा प्रवास विजेचा.

"मग ती वीज सरळ खांबावर चढवायची आणि द्यायची सोडून," असं थोरला म्हणतोय. प्रश्न चांगला आहे, कारण सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं. तारेत वीज मागेपुढे हेलकावत राहिली की तिच्यातून लहर सुटते हे खरं. पण ती जोमाने सुटायची तर खांबाची उंची त्या लहरीच्या लांबीच्या पाव हिश्शाच्या जवळपास लागते. आता सेकंदाला १००० कंपनांचा एक साधा सूर घ्या. त्याची लहर किती लांब? ३ लाख भागिले १०००, म्हणजे ३०० किलोमीटर. तिचा पाव हिस्सा ७५ किलोमीटर. एवढा उंच खांब मालाडला उभा करायचा! तो आडवा पडला तर त्याचं टोक आपलं गाव ओलांडून, खाडी ओलांडून, कोर्लईच्या डोंगरापलीकडे जाऊन पडेल.

आणि समजा उभा केलाच, तरी दुसरी अडचण आहे. मुंबईचा गवई, पुण्याचा बातम्या देणारा, रत्नागिरीचा कीर्तनकार, सगळ्यांच्या आवाजाची कंपनं त्याच पट्ट्यातली, शंभर-दोनशेपासून काही हजारांपर्यंत. तिघांची वीज तशीच हवेत सोडली तर तुमच्या तारेत तिघे एकदम शिरतील आणि वेगळे काढायला काही खूणच उरणार नाही.

यावर तोड निघाली ती अशी. आवाजाच्या विजेला पाठवायचंच नाही. तिच्याऐवजी खूप भराभर हेलकावणारी एक वेगळी लहर तयार करायची, आणि आवाजाने फक्त त्या लहरीत फेरफार करायचे. या लहरीला वाहक लहर म्हणतात आणि त्या फेरफाराला मॉड्युलेशन. मुंबई 'अ' केंद्राची वाहक लहर १०४४ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १० लाख ४४ हजार हेलकावे. क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक ती गती धरून ठेवतो आणि इकडची तिकडे होऊ देत नाही. तिची लांबी निघते २८७ मीटर, पाव हिस्सा ७२ मीटर. एवढा मनोरा माणसाला बांधता येतो. आणि प्रत्येक केंद्राने आपापला आकडा वेगळा घेतला की वेगळं काढायची खूणही आपोआप मिळाली.

पण ही वाहक लहर नुसतीच सोडली तर रेडिओवर काय ऐकू येईल? काही नाही. काटा केंद्रावर आला की मागची खरखर एकदम दबते, आणि निवेदक बोलायचा थांबला की रेडिओ गप्प होतो. त्या वेळी केंद्र बंद पडलेलं नसतं, वाहक लहर पूर्ण ताकदीने येत असते.

आता तिच्यात फेरफार कसे करायचे ते बघा. कोर्लईचा दीपस्तंभ तुम्ही पाहिलाय. त्याचा प्रकाश आणि रेडिओची लहर एकाच घराण्यातली. मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाने हे १८६५ साली कागदावर गणिताने मांडलं आणि हर्ट्झने १८८७-८८ मध्ये प्रयोगशाळेत ठिणग्या पाडून दाखवलं. फरक फक्त हेलकाव्यांच्या संख्येचा, प्रकाशाचे हेलकावे कितीतरी पट जास्त. तर समजा, तो दिवा न फिरता आपल्याकडे तोंड करून उभा आहे आणि त्याच्या वातीची किल्ली माझ्या बोलण्याला जोडली आहे. मी बोललो की तो प्रखर आणि मंद, प्रखर आणि मंद होतो, सेकंदाला शेकडो वेळा. तुमच्या डोळ्याला ते कळणार नाही, पण प्रकाशाची वीज करणारा एक तुकडा आणि कानाला लावायचं एक यंत्र तुमच्याकडे असेल तर तुम्हाला खाडीच्या अलीकडे माझं बोलणं ऐकू येईल. ही कल्पना माझी नाही. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८० साली सूर्याच्या किरणावरून दोनशे मीटरवर बोलणं पाठवून दाखवलं होतं. टेलिफोनपेक्षा तो याच शोधावर जास्त खूश होता म्हणतात.

दिव्याची प्रखरता कमी-जास्त करायची, हा एक मार्ग. मध्यम लहरींचा रेडिओ असाच चालतो, त्याला एएम म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रखरता तशीच ठेवायची आणि दिव्याचा रंग किंचित बदलत राहायचा, जरासा तांबडा, जरासा निळा, आवाजाच्या तालावर. तो एफएम. त्याच्याकडे मी नंतर येतो.

मालाडच्या यंत्रात हे काम होतं शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हपाशी. त्याला मिळणारी वीजच आवाजाच्या विजेने कमी-जास्त करतात, त्यामुळे बाहेर पडणारी लहर त्याच बेताने मोठी-लहान होते. हे काम हलकं समजू नका. वाहक लहर १०० किलोवॉटची असेल तर तिला पुरती हलवायला आवाजाच्या बाजूनेही ५० किलोवॉटपर्यंत बळ लावावं लागतं. गवयाच्या गळ्यातून निघणाऱ्या आवाजात वॉटचा बारीकसा अंश असतो, तो एवढा वाढवत न्यायचा. आणि वाढवतानाही काट्यावर डोळा ठेवायचा, कारण लहर लहान होत होत शून्यावर आली की त्याच्या खाली जायला जागा नसते. निवेदक फार ओरडला की आवाज फाटतो तो त्यामुळे.

खरं तर ही उधळपट्टीची रीत आहे. आवाज पूर्ण जोरात असतानाही निघणाऱ्या ताकदीचा दोन तृतीयांश भाग नुसत्या वाहक लहरीत जातो, आणि तिच्यात आवाजाचं काहीच नसतं. निवेदक घोटभर पाणी प्यायला थांबला तरी विजेचं बिल चालूच. मग शहाण्या माणसांनी ही रीत का धरली? कारण ऐकणाऱ्याची बाजू तिने इतकी सोपी केली की एका दगडावर भागायचं.

दगड म्हणजे दगडच. गॅलेना नावाचं शिशाचं चकचकीत खनिज असतं. मी लहान असताना आम्ही अंगणातल्या दोन माडांच्या मधे तांब्याची तार ताणायचो, दुसरी तार विहिरीकाठच्या ओल्या मातीत पुरायचो, मधे पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, तो खडा, आणि कानाला लावायचं यंत्र. बॅटरी नाही, सेल नाही, वीज तर त्या वेळी गावात असली काय नि नसली काय. खड्यावर एक बारीक तार टेकवत टेकवत योग्य जागा सापडली की कानात मुंबई बोलू लागायची. बारीक, पण स्वच्छ. त्या बोलण्याला लागणारी ताकद कुठून यायची? मालाडहून. तिथल्या मनोऱ्याने फेकलेल्या ताकदीचा जो एवढासा कण आमच्या माडांमधल्या तारेत पडायचा, त्याच्यावरच कानातला पडदा हलायचा.

खडा काय करतो ते नीट ऐका, कारण सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. आलेली लहर सेकंदाला दहा लाखांवर वेळा कानातल्या पडद्याला पुढे ढकलते आणि तितक्याच वेळा मागे. पडदा जड, त्याला एवढी घाई झेपत नाही. आणि पुढचा धक्का जेवढा, मागचाही तेवढाच, म्हणून दोन्ही मिळून शून्य. लहर मोठी झाली तरी शून्य आणि लहान झाली तरी शून्य. पडदा जागचा हलत नाही. गॅलेनाचा गुण असा, की तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. मागचे धक्के त्याने अडवले, आता सगळे पुढचेच राहिले. लहर मोठी असेल तेव्हा पडदा जास्त पुढे जातो, लहान होईल तेव्हा कमी. आणि लहर मोठी-लहान होत होती कशामुळे? स्टुडिओतल्या गवयाच्या आवाजामुळे! तिकडे त्याने २५० वेळा हवा हलवली, इकडे पडद्याने २५० वेळा हलवली. आवाज मुंबईतच राहिला. रेवदंड्यात रेवदंड्याच्याच हवेचा नवा आवाज तयार झाला.

या खड्याचा हा गुण हेरून त्याचं पेटंट घेणारा माणूस आपल्याच देशातला. कोलकात्याचे जगदीशचंद्र बोस. त्यांनी अर्ज केला १९०१ साली, अमेरिकेत पेटंट मिळालं १९०४ साली. स्वतः त्यांना पेटंटाची फारशी हौस नव्हती, मित्रांनी मागे लागून ते करायला लावलं. पुढे लाखो घरांत असे खड्यांचे संच वाजले. एका मनोऱ्याने वीज उधळावी आणि लाखो ऐकणाऱ्यांचा खर्च वाचवावा, हा सौदा मला तरी फार शहाणपणाचा वाटतो.

बोलणं पहिल्यांदा असं पाठवलं कोणी? रेजिनाल्ड फेसेंडन नावाचा कॅनडात जन्मलेला माणूस होता. त्या काळी बिनतारी यंत्रं ठिणग्यांवर चालायची, कट्ट-कडकट्ट असा मोर्सचा संदेश तेवढा जायचा. ठिणगीची लहर एकदम उठते आणि लगेच विझते, त्यामुळे तिच्यावर आवाज नीट बसत नाही. फेसेंडनने ठिणग्या सेकंदाला हजारो वेळा पाडून पाहिल्या आणि २३ डिसेंबर १९०० रोजी मैलभर लांबच्या आपल्या मदतनिसाला विचारलं, तुझ्याकडे बर्फ पडतंय का? उत्तर तारेने आलं, पडतंय. आवाज भयंकर खरखरीत होता, पण माणसाचा होता. मग न विझणारी, अखंड लहर तयार करायच्या मागे तो लागला आणि पाच-सहा वर्षांत त्याने तीही केली.

आपल्याकडे मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये कार्यक्रम सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र उघडलं. दीड किलोवॉटचं प्रक्षेपण, पल्ला जेमतेम ४८ किलोमीटर. मुंबईच्या दक्षिण टोकापासून रेवदंडा सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर आहे, म्हणजे आपण त्या पल्ल्याच्या काठाशी. कंपनी तीन वर्षांत बुडाली, मग सरकारने ती चालवायला घेतली, आणि १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. माझ्या लहानपणी गावातल्या रेडिओभोवती माणसं 'प्रपंच' ऐकायला जमायची. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी खरोखर मुंबईत कुठेतरी राहतात असं माझ्या आजीचं ठाम मत होतं, आणि ते शेवटपर्यंत कोणाला मोडता आलं नाही.

आता एएमचा दोष. वळवाच्या दिवसांत रेडिओ लावा. तिकडे सागरगडावर वीज चमकली की इकडे रेडिओत कर्रर्र! वीज चमकणं ही निसर्गाची ठिणगीच, ती सगळ्या आकड्यांवर एकदम लहर फेकते. ती लहर मालाडच्या लहरीत मिसळते आणि तिला क्षणभर मोठी करून टाकते. बिचाऱ्या खड्याला कसं कळावं, की ही वाढ गवयाची की आभाळाची? जे मोठं-लहान होईल ते आवाज, एवढंच तो जाणतो. पंख्याचं बटण दाबलं तरी रेडिओत खट्ट होतं, ते याच कारणाने.

या दोषाचा एक खेळ करता येतो. रेडिओ दोन केंद्रांच्या मधे, जिथे काही लागत नाही तिथे ठेवायचा. कर्रर्र झालं की मोजायला लागायचं आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचं. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. दुपारच्या उन्हात वीज दिसली नाही तरी रेडिओ सांगतो. माझे वडील रेडिओ ऐकून वाळत घातलेल्या सुपाऱ्या आत घ्यायला लावायचे, आणि शेजाऱ्यांना वाटायचं की यांना हवामानाचं काही अंगचं ज्ञान आहे.

एडविन आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला हे कर्रर्र सहन होईना. त्याने विचार केला, वीज लहरीला मोठं-लहान करते ना? मग मोठं-लहान होण्याकडे लक्षच द्यायचं नाही. आवाजाने हेलकाव्यांची संख्या बदलायची. १००.७ मेगाहर्ट्झचं केंद्र असेल तर गवयाच्या सुराबरोबर त्या आकड्याने किंचित वर जायचं, किंचित खाली यायचं, फार तर ७५ किलोहर्ट्झ. रेडिओने आधी आलेल्या लहरीचे शेंडे सरसकट छाटून टाकायचे, म्हणजे विजेने केलेली वाढ छाटणीत गेली, आणि मग नुसते हेलकावे मोजायचे. हेच ते एफएम. गणितात पटाईत असलेल्या कार्सनने १९२२ साली कागदावर सिद्ध केलं होतं की या रीतीने लहरीला आकड्यांच्या पट्ट्यात जागा कमी लागणार नाही, उगाच खटाटोप आहे. गणित बरोबरच होतं. आर्मस्ट्राँगने जागा कमी करायचा हट्ट सोडला, उलट भरपूर जागा घेतली, आणि त्या ऐसपैसपणातूनच खरखर गेली. १९३३ मध्ये त्याला पेटंटं मिळाली. पुढे मोठ्या कंपन्यांशी कोर्टकचेऱ्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि १९५४ साली त्याचा शेवट फार वाईट झाला. आज तुम्ही मोटारीत गाणी ऐकता ती त्याच्या रीतीने.

एफएमची लहर मात्र सरळ चालते, डोंगराला वळसा घालत नाही. म्हणून मुंबईचं एफएम आपल्या गच्चीवर लागतं आणि माजघरात लागत नाही. मध्यम लहर जमिनीला धरून येते. खाऱ्या पाण्यावरून तर ती फार कमी झिजते, कारण समुद्राचं पाणी विजेला चांगली वाट देतं.

आपल्या बंदरातल्या ट्रॉलरवर तांडेलाच्या हाताशी जो वायरलेस असतो तोही एफएमच. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. त्यात १६ नंबरचा चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, साऱ्या जगाने संकटाच्या हाकेसाठी राखून ठेवलाय. त्याच्यावर कोणी गप्पा मारत बसायचं नसतं. त्याचं मोल काय ते आपल्या अलिबाग तालुक्याला चांगलं माहीत आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत उलटली. ६०० हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर बोट बुडाली, आणि मुंबईला ते कळलं तासन्‌तास उशिरा, कोणी पोहत, तरंगत किनाऱ्याला लागलं तेव्हा. म्हणून सांगतो, कोणाच्या होडीवर गेलात तर त्या यंत्राशी खेळायचं नाही.

बघा, बोलता बोलता अंधार पडला. आता लावा रेडिओ, मध्यम लहरींवर. दिवसभर मुंबई, पुणे असं दोन-चार ठिकाणीच काही लागत होतं ना? आता काटा जरा सरकवला की दर बोटभर अंतरावर कोणीतरी बोलतंय. गुजराती, कानडी, उर्दू. राजकोटचं १०७१ वरचं केंद्र तर १००० किलोवॉटचं. दिवसा ही सगळी कुठे होती?

आपल्या डोक्यावर शंभर किलोमीटरच्या आसपास आणि त्याच्याही वर, हवा अगदी विरळ आहे तिथे, सूर्याच्या प्रखर किरणांनी हवेचे कण फुटून विजेने भारलेले थर तयार होतात. वरचे थर रेडिओच्या लहरीला वळवून जमिनीकडे परत पाठवतात. पण दिवसा त्यांच्या खाली आणखी एक थर असतो, तो मध्यम लहर वर पोचायच्या आतच गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो, लहरींना वरची वाट मोकळी होते आणि त्या शेकडो किलोमीटर लांब जाऊन उतरतात. आवाज मधेच मोठा होतो, मधेच बुडतो, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडून काढतात. ॲपलटन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने डिसेंबर १९२४ मध्ये बीबीसीच्याच केंद्राकडून वाहक लहरीचा आकडा हळूहळू बदलून घेतला आणि त्या चढउतारांवरून थराची उंची मोजली. १९४७ साली त्याला नोबेल मिळालं.

लघुलहरींना हे वरचे थर दिवसाही परत पाठवतात. उषा मेहतांनी १९४२ साली मुंबईतून लपून चालवलेलं काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर होतं ते लघुलहरींवरच. मीटर म्हणजे लहरीची लांबी. ३ लाखांना तिने भागलं की किलोहर्ट्झ निघतात, सात हजारांच्या थोडं वर.

आणि या थरांची चाहूल सगळ्यात आधी कोणाला लागली असेल तर ती चुंबकसुईला. आपल्या अलिबागची वेधशाळा तुम्ही बाहेरून पाहिली आहे. ती १९०४ साली कुलाब्याहून तिथे आणली, कारण मुंबईत विजेच्या ट्रामा सुरू व्हायच्या होत्या आणि त्यांच्या विजेने सुया बिघडल्या असत्या. नानाभाई मूस तेव्हा तिचे प्रमुख होते. इमारतीला लोखंड नाही, दगडसुद्धा चुंबकाला न हलवणारा पोरबंदरी. तिथली सुई रोज दिवसा किंचित सरकते आणि संध्याकाळी जागेवर येते. का? तर त्या वरच्या थरातून सूर्यामुळे विजेचे प्रवाह वाहतात म्हणून. रेडिओवाल्यांना थर सापडला त्याच्या कितीतरी आधीपासून कुलाब्याची नि अलिबागची सुई त्याची रोजची हजेरी लिहून ठेवत होती. अजूनही सूर्यावर वादळ झालं की अलिबागची सुई थरथरते आणि लांबची लघुलहरींची केंद्रं बुडतात.

आता शेवटची एक गंमत सांगतो आणि तुम्हाला कामाला लावतो. मघाशी मी १०४४ हा एक आकडा सांगितला, पण गाणं सुरू झालं की केंद्र त्या एका आकड्यावर राहत नाही. २५० कंपनांचा सा लागला की १०४४ च्या दोन्ही अंगांना, पाव किलोहर्ट्झ वर आणि पाव किलोहर्ट्झ खाली, दोन नव्या लहरी उभ्या राहतात. सूर जितका चढा तितक्या त्या लांब सरकतात. आवाज या दोन अंगांतच असतो. एफएमला नावं ठेवणाऱ्या त्याच कार्सनने हे १९१५ साली दाखवलं होतं. तेव्हा प्रत्येक केंद्राला दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडावी लागते. १९७५ साली जिनिव्हाला आशिया, युरोप आणि आफ्रिकेतल्या देशांनी बसून ठरवलं, की मध्यम लहरींवर दोन आकड्यांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचं. नोव्हेंबर १९७८ पासून ते अमलात आलं. त्या नऊच्या हिशेबात आवाजाचा साडेचार हजारांच्या वरचा भाग धड बसत नाही, म्हणून मध्यम लहरींवर टाळांचा झणत्कार बोथट वाटतो आणि एफएमवर खणखणीत येतो.

आणि आकडेही सगळे नवाच्या पाढ्यातले घेतले. मुंबई 'अ' १०४४, अंकांची बेरीज ९. मुंबई 'ब' ५५८, बेरीज १८. विविध भारती ११८८, बेरीज १८. पुणे ७९२, पुन्हा १८. रत्नागिरी ११४३, ९. राजकोट १०७१, ९.

वही आणा, टॉर्च आणा आणि रेडिओचा काटा एका टोकापासून सरकवायला लागा. जिथे कोणी बोलेल तिथला आकडा लिहा आणि नवाने भागा. भाग गेला नाही, तर काटा अजून नेमका बसलेला नाही. केसभर पुढे-मागे करा आणि पुन्हा ऐका.